गालफडं बसू नयेत म्हणून: झपाट्याने वजन उतरवताना आणि उतरल्यावर काय करावं

बारा-पंधरा किलो वजन उतरतं, साखर आटोक्यात येते, गुडघे कुरकुरायचे थांबतात. आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या तरी लग्नात मावशी हात धरून विचारते, "काय गं, बरी आहेस ना? चेहरा किती उतरलाय!" हे ऐकून कित्येक जण चाललेला औषधोपचार मध्येच सोडतात, तर कित्येक जण घाईघाईने एखाद्या क्लिनिकमध्ये जाऊन गालात फिलर, म्हणजे खळगे भरणारं इंजेक्शन, भरून घेतात. दोन्हींत नुकसानच आहे. गाल बसणं पूर्ण टाळता येत नाही, पण बरंचसं कमी करता येतं आणि उरलेलं दुरुस्तही करता येतं. फक्त क्रम चुकता कामा नये: वजन उतरत असताना सांभाळायचं, उतरल्यावर थांबायचं आणि मग गरज असेल तरच भरायचं.

हा प्रश्न आता इतक्या घरांत का पोचला, हे उघड आहे. भूक मंदावून वजन उतरवणारी, आठवड्यातून एकदा टोचायची इंजेक्शनं आता इथे मिळतात: मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावाने टिर्झेपटाइड भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी या नावाने सेमाग्लुटाइड आलं. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांनाही वाट मोकळी झाली. मोठ्या चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन कमी झालं. म्हणजे ८० किलोच्या माणसाचे १२ ते १७ किलो. एवढं वजन उतरल्यावर चेहरा आहे तसाच राहील, ही अपेक्षाच चूक आहे.

मात्र सगळं खापर इंजेक्शनवर फोडू नये. बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर केलेल्या, शस्त्रक्रियेनंतर गाल असेच बसतात. लग्नाआधी दोन महिने सूप आणि सॅलडवर काढलेल्या मुलीचेही बसतात.

चेहऱ्यात नेमकं काय कमी होतं

चेहऱ्यावरची चरबी म्हणजे एकसलग थर नाही. तिचे वेगवेगळे कप्पे असतात. काही त्वचेलगत, काही खोल, हाडाला टेकलेले. खोल कप्पे गालाला आतून उचलून धरतात. ते आटले की वरची त्वचा खाली सरकते, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ गडद होते, डोळ्यांखाली खळगा पडतो, कानशिलं आत जातात आणि जबड्याच्या कडेला सैल पिशवीसारखी त्वचा लोंबू लागते. कापूस कमी झालेल्या उशीचा अभ्रा जसा सुरकुततो, तसंच हे.

अभ्रा किती सुरकुतेल, हे त्याच्या ताणावर ठरतं. पंचविशीतली त्वचा बरीचशी आवळून घेते, पन्नाशीतली घेत नाही. पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांतच स्त्रियांच्या त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन, कमी होतं. त्यामुळे त्याच काळात झपाट्याने वजन उतरवणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर परिणाम सर्वांत जास्त दिसतो. तंबाखू, सिगारेट आणि वर्षानुवर्षांचं ऊन यांनी त्यात भर पडते.

सर्वांत आधी: वजन कशाने उतरतंय?

तुम्ही प्रयत्न करत नसताना सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं असेल आणि गाल बसले असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि फिजिशियनकडे जा. क्षयरोग, बेताल झालेला मधुमेह, थायरॉइडचा अतिरेक, कर्करोग, नैराश्य यांची पहिली खूण अनेकदा चेहऱ्यावरच दिसते. सोबत संध्याकाळचा ताप, रात्री घाम, न थांबणारा खोकला किंवा जेवण नकोसं होणं असेल, तर दोन-चार दिवसही थांबू नका.

दुसरी गोष्ट दातांची, जिच्याकडे जवळपास कुणीच बघत नाही. मागच्या दाढा काढल्या आणि तिथे काहीच बसवलं नाही, तर जबड्याचं हाड झिजतं आणि गाल आत ओढला जातो. साठीपुढच्या अनेकांच्या बसलेल्या गालांचं एक कारण तिथे असतं. शिवाय दाढा नसतील तर मोड आलेली मटकी, चिकन, दाणे नीट चावता येत नाहीत आणि आहारातली प्रथिनं कमी होतात. वजन उतरवायला सुरुवात करण्याआधीच दंतवैद्याला दाखवून घ्या.

वेग धरा, पण पळू नका

आठवड्याला अर्धा ते एक किलो, हा बहुतेकांना मानवणारा वेग. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत पाणी उतरल्याने काटा जास्त खाली येतो, त्याची काळजी करू नका. पण दीड-दोन महिन्यांनंतरही दर आठवड्याला दीड-दोन किलो जात असतील, तर डॉक्टरांशी बोला. या इंजेक्शनांचा डोस टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो: सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून, टिर्झेपटाइड २.५ मिलिग्रॅमपासून, आणि पहिला टप्पा चार आठवड्यांचा. लहान डोसवर वजन व्यवस्थित उतरत असेल तर पुढचा टप्पा लांबवता येतो का, असं डॉक्टरांना जरूर विचारा. हा निर्णय मात्र त्यांचाच. जिममधल्या ओळखीतून मिळालेलं पेन टोचून स्वतःच डोस चढवणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते, कारण त्यांच्या उलट्या, अशक्तपणा आणि वाळलेला चेहरा बघायला कुणी डॉक्टरच नसतो.

उलट्या-जुलाब दोन दिवसांहून जास्त चालले तर फोन करा. शरीरातलं पाणी कमी झालं की डोळे खोल जातात आणि चेहरा आहे त्याहून ओढलेला दिसतो. तेवढा भाग पाणी, ताक, शहाळं, ओआरएस यांनी एक-दोन दिवसांत भरून येतो.

ताटात प्रथिनं बसवणं: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

वजन उतरतं तेव्हा फक्त चरबी जात नाही. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीत काही जणांचं डेक्सा स्कॅन (शरीरातली चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजणारी एक्स-रे तपासणी) केलं, तेव्हा उतरलेल्या वजनातला जवळपास ४० टक्के वाटा चरबीचा नव्हता. त्यात स्नायू होते. स्नायू गेले की मान, खांदे, चेहरा सगळंच खंगल्यासारखं दिसतं आणि "बारीक झाली" ऐवजी "वाळली" असं लोक म्हणतात.

निरोगी प्रौढासाठी आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची शिफारस किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वजन उतरवताना ती पुरत नाही, १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. हिशेब ज्या वजनाला पोचायचं आहे त्याच्यावर करा. ६५ किलो गाठायचं असेल तर रोज साधारण ८० ते १०० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही, आधी नेफ्रॉलॉजिस्टला विचारा.

आता आपलं नेहमीचं ताट बघा. दोन पोळ्यांचे ६ ग्रॅम, वाटीभर पातळ वरणाचे ४, भाताचे ३, भाजीचे २. झाले १५. दोन्ही वेळा हेच जेवलात आणि सकाळी पोहे खाल्ले तर दिवसाचे चाळीसही होत नाहीत. भूक मंदावलेली असताना तर त्याच्याही निम्मंच पोटात जातं.

८५-९० ग्रॅमपर्यंत पोचणारा एक दिवस असा मांडता येतो. सकाळी दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध, २० ग्रॅम. दुपारी वाटीभर घट्ट मटकीची उसळ, १०० ग्रॅम पनीर, वाटीभर दही आणि एक ज्वारीची भाकरी, ३४ च्या आसपास. मासे खाणाऱ्यांनी पनीरऐवजी एक मोठा बांगडा घेतला तरी हिशेब तोच. चार वाजता मूठभर फुटाणे, ६. रात्री ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी, घट्ट वरण आणि दोन पोळ्या, २७. एवढं खाल्लं जात नसेल तर दह्यात किंवा दुधात डब्यातल्या मापाने एक स्कूप व्हे प्रोटीन (दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर) मिसळायला हरकत नाही. त्यातून वीस-एक ग्रॅम मिळतात.

ताटातला क्रम बदला: आधी उसळ, पनीर, अंडं, मासा. भाकरी-भात शेवटी. भूक चार घासांतच संपते म्हणून पहिले चार घास महत्त्वाचे. दीक्षित डाएटसारखं दोनदाच जेवणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं, कारण त्यांना दिवसाचा सगळा साठा दोन ताटांतच बसवायचा असतो.

आणि उपास. संकष्टी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. उपास सोडा असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी दही, दूध, पनीर, दाण्याची आमटी आणि राजगिरा पुढे आणा, साबुदाणा मागे ठेवा. इंजेक्शन चालू असताना निर्जळी उपास मात्र करू नका.

कोलॅजन पावडरबद्दल सगळे विचारतात. त्वचेचा ओलावा आणि लवचिकपणा थोडा सुधारतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण त्यातले बरेच ती विकणाऱ्यांनीच पैसे पुरवलेले आहेत. बसलेला गाल तिने भरत नाही. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, म्हणून दिवसाच्या प्रथिनांत ती पूर्ण धरूही नये.

वजन उचला

चालणं हृदयाला उत्तम, पण स्नायू टिकवायला पुरेसं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंवर ताण येईल असा व्यायाम हवा. सुरुवातीला खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पुश-अप, रबरी बँड ओढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. दहा वेळा सहज जमू लागलं की वजन वाढवायचं. सहा महिने त्याच दोन किलोच्या डंबेल्सवर राहिलात तर स्नायूंना टिकून राहायचं कारणच उरत नाही. गालातली चरबी यातून परत येत नाही, हेही स्वच्छ माहीत असू द्या. मान ताठ, खांदे भरलेले राहतात आणि माणूस आजारी दिसत नाही.

चेहऱ्याच्या व्यायामांवर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा एक अभ्यास आला होता. चाळीस ते पासष्ट वयाच्या बायकांनी वीस आठवडे व्यायाम केल्यावर गाल थोडे भरलेले दिसले. अभ्यास फार लहान होता, शेवटपर्यंत टिकल्या त्या फक्त १६ जणी, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. रोज वीस-तीस मिनिटं देण्याची तयारी असेल तर करा, अपाय नाही. तेवढाच वेळ असेल तर मी डंबेल्स निवडेन.

त्वचेसाठी थोडंच, पण रोज

सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त सनस्क्रीन, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं घ्या. रात्री त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ट्रेटिनॉइन किंवा अडापॅलिनचं मलम, आठवड्यातून दोनदा सुरू करून हळूहळू वाढवत. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ही नकोत. परिणाम दिसायला तीन-चार महिने जातात.

आणि घरातल्या कपाटात मोमेटासोन किंवा बीटामेथासोन असलेलं "गोरं करणारं" क्रीम असेल, जे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं असतं, ते चेहऱ्याला लावणं थांबवा. स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात. आतली चरबी जात असताना वरची त्वचाही पातळ करणं म्हणजे नुकसान दुप्पट. अनेक महिने लावत असाल तर एकदम बंद केल्यावर चेहरा लालभडक होऊ शकतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडा.

बकल फॅट काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे गालातली चरबीची गोळी काढून गाल कोरीव करणं, वजन उतरवणाऱ्याने अजिबात करू नये. ती चरबी पुढे हवी असते आणि परत येत नाही.

थांबा, आणि नीट बघा

वजन किमान तीन महिने, शस्त्रक्रियेचा विचार असेल तर सहा महिने स्थिर राहू द्या. घसरत्या वजनात भरलेलं फिलर दोन महिन्यांनी कमी पडतं, मग पुन्हा भरलं जातं, आणि शेवटी चेहरा फुगलेला आणि तरीही थकलेला दिसतो. शिवाय वजन थांबल्यावर त्वचा थोडी आवळते, काहींना काही लागतच नाही.

तोवर दर चार आठवड्यांनी फोटो काढा: त्याच खिडकीशी, त्याच वेळी, समोरून, तिरकस आणि बाजूने, हसू न आणता. मग आरसा हातात घेऊन उताणे झोपा आणि चेहरा बघा. झोपल्यावर गाल-जबडा एकदम नीट दिसत असेल, तर प्रश्न मुख्यतः लोंबणाऱ्या त्वचेचा आहे. झोपूनही कानशिलं आणि डोळ्यांखालचे खळगे तसेच राहत असतील, तर आतला भराव गेला आहे. पहिल्याला ओढून घेण्याचे उपाय लागतात, दुसऱ्याला भरण्याचे. बहुतेकांच्या चेहऱ्यात दोन्ही असतं. डॉक्टरांसमोर हे फोटो ठेवले, शिवाय जुन्या लग्नाचा किंवा पासपोर्टचा एखादा फोटो नेला, तर बोलणं नेमकं होतं.

भरायचं ठरलंच तर

हायलुरोनिक अॅसिडचं फिलर पहिल्यांदा करणाऱ्याने निवडावं, कारण ते नको झालं किंवा गडबड झाली तर हायलुरोनिडेज देऊन विरघळवता येतं. जागा आणि जेलनुसार ते सहा ते अठरा महिने टिकतं. चांगला डॉक्टर आधी गालाच्या हाडालगत आणि कानशिलात थोडं भरतो, मग डोळ्यांखाली खरंच किती लागतंय ते बघतो. डोळ्यांखाली थेट भरायला निघालेल्या डॉक्टरांना कारण विचारा: तिथली त्वचा पातळ, जरा जास्त झालं की सूज आणि निळसर झाक. एका बैठकीत सगळं परत आणायचा हट्ट धरू नका. मोठ्या शहरांत एका सिरिंजला वीस हजार किंवा त्याहून जास्त पडतात आणि विमा यात येत नाही, तेव्हा खर्चाचा अंदाजही पूर्ण वर्षाचा मागा.

पॉली-एल-लॅक्टिक अॅसिड आणि कॅल्शियम हायड्रॉक्सिलअपेटाइट ही कोलॅजन तयार करायला लावणारी इंजेक्शनं. पहिल्याचा इतिहास लक्षात घेण्यासारखा आहे: २००४ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती एचआयव्हीच्या रुग्णांचे खोल गेलेले गाल भरण्यासाठी. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन बैठका, परिणाम काही महिन्यांत हळूहळू, आणि टिकतो दोन वर्षांपर्यंत. संपूर्ण चेहरा ओसरला असेल तर हे मला जास्त योग्य वाटतं. पण हे विरघळवता येत नाही, गाठी होऊ शकतात, आणि डोळ्यांखाली किंवा ओठांत ते घालत नाहीत.

स्वतःचीच चरबी पोटातून किंवा मांडीतून काढून चेहऱ्यात भरता येते. त्यातली काही जगते, काही शोषली जाते, आणि किती जगेल हे आधी सांगता येत नाही. जगलेली चरबी कायमची. पुढे वजन वाढलं तर तीही वाढते, म्हणून वजन स्थिर नसेल तर हा मार्ग नको. त्वचा खूप लोंबत असेल तर फेसलिफ्टशिवाय, म्हणजे सैल त्वचा ओढून घेणाऱ्या शस्त्रक्रियेशिवाय, पर्याय नाही, त्या जागी सिरिंजमागून सिरिंज भरणं हे पैशाचं आणि चेहऱ्याचं नुकसान. भूल द्यायची असेल तर साप्ताहिक इंजेक्शन चालू असल्याचं भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. ही औषधं जठर उशिरा रिकामं करतात, त्यामुळे भूल देताना अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

हायफू (ध्वनिलहरींनी उष्णता देणं) आणि रेडिओफ्रीक्वेन्सी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांतून रेडिओलहरींची उष्णता देणं) हे उपचार त्वचा घट्ट करण्यासाठी विकले जातात. आधीच चरबी कमी असलेल्या चेहऱ्यावर उष्णता खोल गेली तर उरलेली चरबीही जाऊ शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मायक्रोनीडलिंगच्या या प्रकाराबद्दल भाजणं, व्रण आणि चरबी नाहीशी होणं अशा तक्रारींवरून सावधगिरीची सूचना काढली. आपल्या सावळ्या त्वचेवर काळे डाग राहण्याचा धोका वेगळाच. ग्लुटाथिओनची सलाइन आणि पार्लरमधलं कोलॅजन फेशियल यांनी भराव येत नाही.

कोणाच्या हातात चेहरा द्यायचा

त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा तत्सम पदवी, नाहीतर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या, किंवा तुमच्या राज्याच्या कौन्सिलच्या नोंदणीत शोधा. मग हे विचारा: सुई स्वतः डॉक्टर टोचणार का? खोका माझ्यासमोर उघडणार का, त्यावरचा लॉट नंबरचा स्टिकर माझ्या फाइलला लावणार का? आणि हायलुरोनिडेज आत्ता क्लिनिकमध्ये आहे का? शेवटच्या प्रश्नाला "मागवू" असं उत्तर आलं तर उठून या. सुईशिवाय फिलर मारणारी पेनं कुणी ऑनलाइन विकत असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

रक्त पातळ करणारी गोळी, दातांचं चालू काम, ओठांवर वारंवार येणारे हर्पीसचे फोड, आमवातासारखा आजार, गर्भारपण, हे सगळं आधीच सांगा. घरात कार्य असेल तर किमान महिनाभर आधी करा, काळंनिळं उतरायला दोन आठवडे जातात.

घरी आल्यावर थोडी सूज, ठणका, निळसर डाग चालतात. खालच्या गोष्टी चालत नाहीत: वाढत जाणारी तीव्र वेदना, त्वचा पांढरी पडणं, जांभळट जाळी उमटणं. बोट दाबून सोडा. दाबलेली जागा दुसऱ्या गालाइतक्या चटकन पुन्हा लाल होत नसेल, तर रक्तवाहिनी बंद पडली असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना त्याच क्षणी फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. फिलर घेताना किंवा घेतल्यावर एका डोळ्याला अंधुक दिसलं, डोळा दुखू लागला, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर फोनवर वेळ घालवू नका. नेत्रविभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत थेट जा आणि दारातच सांगा की चेहऱ्यात फिलर भरलंय. काय भरलंय ते लिहिलेला स्टिकर किंवा त्याचा फोटो सोबत ठेवा.